ऑइलमधला टायमिंग बेल्ट बदलूनही लाल दिवा पुन्हा का लागतो?

गाडी महामार्गावरून तासभर विनातक्रार धावते, टोलनाक्याच्या रांगेत इंजिन आयडलिंगवर येते आणि डॅशबोर्डवरचा झारीच्या चित्राचा, ऑइलचा दाब कमी झाल्याचे सांगणारा लाल दिवा क्षणभर लुकलुकून जातो. गाडी कडेला घेऊन बंद केली आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तर दिवा दिसत नाही. वायरिंगचा काहीतरी घोळ असेल, अशी स्वतःची समजूत घालून चालक पुढे निघतो. पुढच्या आठवड्यात दिवा पुन्हा लागतो. मग गॅरेजमध्ये हा दिवा लावणारा ऑइल प्रेशर स्विच बदलला जातो आणि महिनाभर बरे जाते. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलून पाहिले जाते, आणखी काही दिवस निभावतात. शेवटी कोणीतरी टायमिंग बेल्टचे, म्हणजे क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचे, नाव काढते, बराच खर्च करून बेल्ट बदलला जातो आणि दीड-दोन हजार किलोमीटरनंतर तोच दिवा, तसाच, इंजिन तापल्यावर आणि आयडलिंगवर, परत हजर होतो.

पुढील विवेचन मुख्यतः या शेवटच्या टप्प्यावर अडकलेल्या गाडीविषयी आहे. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो, त्यांत बेल्ट बदलणे हे निम्मेच काम असते. बेल्टने आपल्या आयुष्यात ऑइलच्या वाटेत जे सांडून ठेवले आहे ते काढणे आणि बेल्ट कशामुळे खचला ते शोधणे हे उरलेले निम्मे काम आहे, आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते.

या प्रकारच्या इंजिनांत सर्वांत जास्त चर्चा झाली ती दोन इंजिनांची. एक फोर्डचे ९९९ सीसी, तीन सिलिंडरचे इकोबूस्ट, जे युरोपात २०१२ साली फोकसमध्ये आणि आपल्याकडे २०१३ साली इकोस्पोर्टमध्ये आले. दुसरे प्यूजो-सित्रोएनचे १.२ लिटरचे प्युअरटेक. इकोबूस्टला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला आणि टर्बो प्युअरटेकने २०१५ पासून सलग चार वर्षे आपल्या गटात बाजी मारली. परीक्षकांना गाडी दहा वर्षे सांभाळायची नसते, एवढे मात्र या पुरस्कारांकडे पाहताना लक्षात ठेवावे. २०१३-१४ सालच्या इकोस्पोर्ट आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि इकोबूस्टच्या बेल्टसाठी युरोपातील वेळापत्रकात दिलेली मुदत १० वर्षे किंवा सुमारे २,४०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. आपल्याकडे ज्यांची गाडी अजून लाखभर किलोमीटरसुद्धा चाललेली नाही, त्यांना या वाक्यातला ‘दहा वर्षे’ हा भाग सहसा कोणी वाचून दाखवत नाही. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केल्यापासून अनेक मालक स्थानिक गॅरेजकडे वळले आहेत. तेथे कोरडा बेल्ट आणि चेन या दोन्ही कामांत हात बसलेला असतो, परंतु ऑइलमधला बेल्ट क्वचितच समोर येतो.

बेल्ट ऑइलमध्ये ठेवण्यामागे तर्क आहे. चेनपेक्षा बेल्टचा आवाज कमी असतो आणि घर्षणही कमी होते. कोरड्या बेल्टला इंजिनाबाहेर वेगळे घर लागते, त्यामुळे इंजिनाची लांबी वाढते आणि ऑइल सील अधिक लागतात. बेल्ट आतच ठेवला तर तो अरुंद ठेवता येतो आणि ऑइलमुळे थंडही राहतो. हे सारे जमण्यासाठी बेल्टचे रबर ऑइल व उष्णता सोसणारे असावे लागते, म्हणून त्यात हायड्रोजनयुक्त नायट्राइल रबर, आत काचतंतूंच्या दोऱ्या आणि दातांवर कापडाचे अस्तर वापरलेले असते. हे रबर योग्य ऑइलमध्ये वर्षानुवर्षे टिकते. परंतु इंजिनातले ऑइल डब्यातल्यासारखे कायम राहत नाही, आणि सगळे रामायण तेथून सुरू होते.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात, विशेषतः इंजिन थंड असताना, थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर बसते आणि पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल पुरेसे तापते आणि हे पेट्रोल वाफ होऊन निघून जाते. मुलांना शाळेत सोडणे, भाजी आणणे, स्टेशनवर जाऊन येणे, असा दोन-तीन किलोमीटरचा वापर असेल तर ते आतच साठत राहते. पेट्रोल मिसळलेले ऑइल रबराला फुगवते व मऊ करते. फुगलेला बेल्ट पुलीच्या कडांना घासतो, अस्तराचे धागे सुटतात, पाठीवर बारीक भेगा पडतात आणि काळा भुगा ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल साठणाऱ्या भांड्यात, जातो. चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाच्या तोंडाला जी जाळी असते ती हा भुगा अडवते. जाळीचे कामच अडवण्याचे असल्यामुळे ती आपले काम चोख करत राहते आणि शेवटी ऑइलच अडवते.

दिवा गाडी बंद केल्यावर ‘आपोआप बरा’ का होतो, याचेही उत्तर या जाळीतच आहे. इंजिन चालू असताना पंपाच्या ओढीने भुगा जाळीला चिकटून बसतो; इंजिन बंद झाले की ओढ थांबते, त्यातला बराचसा भुगा सुटून तळाशी पडतो आणि पुन्हा सुरू केल्यावर काही काळ वाट मोकळी असते. सकाळी थंड इंजिनावर दिवा न लागण्याचे एक कारण हे, आणि दुसरे असे की थंड ऑइल दाट असल्यामुळे बेअरिंगांमधून सहजासहजी निसटत नाही, त्यामुळे दाब टिकून राहतो. ऑइल तापून पातळ झाले, इंजिनाचे फेरे कमी झाले आणि जाळी अर्धी बुजलेली असली, की दाब स्विचच्या मर्यादेखाली जातो. म्हणून ‘गरम झाल्यावर, आयडलिंगवर, लांब धावल्यानंतर’ ही तीन लक्षणे एकत्र आली तर स्विचवर संशय घेण्याआधी जाळीवर घ्यावा.

स्विच बदलण्याआधी काय तपासावे

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी असेल तर प्रश्न वेगळा आहे. परंतु ऑइल न भरताही पातळी हळूहळू वर चढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये इंधन उतरते आहे आणि बेल्ट त्यातच बुडालेला आहे, हे समजून चालावे. पुष्कळ मालक पातळी वर दिसली की आनंदतात. गाडी ऑइल खात नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

दुसरी तपासणी स्कॅनरची. दाब कमी असल्याचा पी०५२४ हा कोड सरळ आहे, परंतु त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी पी००११, पी००१४ किंवा पी००१६ असे कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) वेळेशी संबंधित कोड दिसले, तर केवळ सोलेनॉइड, म्हणजे ऑइलची वाट उघडणारी-मिटणारी विद्युत झडप, बदलून मोकळे होऊ नये. व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. दाब अपुरा असला किंवा सोलेनॉइडच्या बारीक जाळीत रबराचा कण अडकला, तर कॅम हुकूम मिळूनही जागचा हलत नाही आणि संगणक कॅमलाच दोष देतो.

तिसरी आणि निर्णायक तपासणी म्हणजे प्रेशर स्विच काढून त्याच्या जागी काट्याचा गेज लावणे. थंड इंजिनावर एक नोंद, पंखा सुरू होईपर्यंत तापवून आयडलिंगवर दुसरी, आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांवर तिसरी. इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या आकड्यांशी या नोंदी जुळवाव्यात. गेज ठीक दाखवत असेल तर स्विच किंवा वायरिंग दोषी आहे आणि येथेच थांबावे. गेजही कमी दाखवत असेल तर नवा स्विच लावणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणे. शिवाय, तापमान वाढत जाताना दाब कसा पडतो ते गेजवर डोळ्यांनी पाहता येते; जाळी बुजलेल्या इंजिनात काटा एका जागी स्थिर न राहता थरथरतो.

चौथी तपासणी थोडी घाणेरडी आहे, पण मला सर्वांत जास्त विश्वास तिच्यावर आहे. जुना ऑइल फिल्टर फेकू नये. तो करवतीने कापावा, आतला कागद पसरून बोटांमध्ये चोळावा. काजळी बोटांवर पसरते, रबर पसरत नाही. ते चोळल्यावर लहान काळ्या वळ्या होतात आणि धागे असतील तर उजेडात स्पष्ट दिसतात. फिल्टरमध्ये रबर सापडले याचा अर्थ जाळीतून पार होण्याएवढा बारीक भुगाही तयार झाला आहे. जाड तुकडे तर त्याआधीच जाळीने अडवले असणार.

प्युअरटेकमध्ये आणखी एक सोय आहे. तेथे ऑइल भरण्याच्या तोंडातून बेल्ट दिसतो आणि त्याची रुंदी मोजण्यासाठी एक ठरावीक मापपट्टी मिळते. बेल्ट फुगून तिच्या खाचेत बसेनासा झाला की किलोमीटर कितीही असोत, तो बाद. त्या इंजिनात कॅमशाफ्टवर चालणारा ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही याच ऑइलवर अवलंबून असल्यामुळे ब्रेकचे पेडल अचानक कडक लागणे हेसुद्धा बेल्टचे लक्षण असू शकते. दिवा लागला तर गाडी कडेला घेता येते. पेडल कडक झाल्यावर तेवढा अवधी मिळेलच असे नाही. इकोबूस्टमध्ये कव्हर किंवा चेंबर उतरवल्याशिवाय बेल्टची अवस्था नीट कळत नाही.

एका गाडीची गोष्ट

आमच्या कार्यशाळेत आलेली एक गाडी येथे सविस्तर सांगण्याजोगी आहे. एक लिटरची, तीन सिलिंडरची, ऑइलमध्ये बेल्ट असलेली टर्बो पेट्रोल गाडी. मालक सेवानिवृत्त, वापर घरापासून बागेपर्यंत आणि महिन्यातून एकदा मुलीकडे. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे बेल्ट बदलून घेतला होता, बिल जपून ठेवले होते, आणि जुना बेल्टसुद्धा पिशवीत घालून आणला होता. ते म्हणाले, “अहो, सकाळी कधीच लागत नाही बघा. मुलीकडून परत येताना सिग्नलला लागतो. त्यांनी दोनदा स्विच बदलला.”

जुना बेल्ट टेबलावर उलटा वाकवला तेव्हा पाठीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उघडल्या आणि दोन दातांच्या मुळाशी अस्तर सुटून आतले धागे बाहेर आलेले दिसले. म्हणजे बेल्ट बदलण्याचा निर्णय बरोबर होता. गेजवर गरम आयडलिंगचा दाब पुस्तिकेतल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला. बिलावर बेल्ट, टेन्शनर, सील, ऑइल, फिल्टर एवढेच लिहिलेले होते; चेंबर उतरवल्याचा उल्लेख नव्हता आणि चेंबरच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांची धूळ तशीच होती.

चेंबर खाली आला तेव्हा जाळी ओळखू येईना. चहाच्या गाळणीत चोथा दाटून बसावा तसे रबर तिच्यावर लिंपलेले होते आणि त्यात मधूनमधून राखाडी रंगाचे, शेवयांसारखे लांब तुकडे होते. ते रबर नव्हते. पुढचे कव्हर बसवताना सिलिकॉनचा जाड थर दिला गेला होता, बोल्ट आवळल्यावर जास्तीचा भाग आतल्या बाजूला पिळून निघाला होता आणि सुकल्यावर तुटून खाली पडला होता. जुन्या बेल्टने अर्धी वाट बुजवली होती, उरलेल्यातली थोडी बेल्ट बदलणाऱ्याने. बिलावरचे ऑइलही या इंजिनासाठी सांगितलेल्या दर्जाचे नव्हते; दुकानात जे ठेवलेले होते तेच भरले होते.

काम उघडल्यावर

बेल्ट बदलण्याची सगळी कृती येथे देत नाही, कारण प्रत्येक इंजिन-कोडची पुस्तिका वेगळी असते आणि आवळण्याचे आकडे ऐकीव असू नयेत. मात्र जेथे हात हमखास चुकतो अशा जागा सांगितल्याच पाहिजेत.

इकोबूस्टमध्ये सर्वांत मोठा घात क्रँक पुलीवर होतो. या पुलीला चावी, म्हणजे तिला क्रँकवर एकाच जागी अडकवणारी खिटी, नाही. ती आणि तिच्यामागची दातेरी पुली केवळ मधल्या बोल्टच्या प्रचंड दाबावर धरलेली असते. म्हणून जुन्या इंजिनांवर चालणारी ‘खूण करून ठेवायची आणि खुणेला खूण लावायची’ ही पद्धत येथे धोक्याची आहे: बोल्ट सैल झाला की क्रँक आणि पुली यांचे नाते सुटते. क्रँक जागेवर धरणारी खुंटी, फ्लायव्हीलचे लॉक, कॅमशाफ्ट धरणारे टूल आणि पुली योग्य कोनात बसवणारे टूल, ही चारही हाताशी नसतील तर बोल्टला पाना लावू नये. याच इंजिनात तीन सिलिंडरची थरथर शमवण्यासाठी बॅलन्स शाफ्ट न घालता पुली आणि फ्लायव्हील मुद्दाम असंतुलित ठेवलेली आहेत, ही रचना मला अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार देखणी वाटते. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की पुली चुकीच्या कोनात बसली तर ज्या युक्तीने थरथर कमी व्हायची तिनेच ती वाढते. बेल्टचे काम झाल्यानंतर गाडी सुरू होते, कोड नाही, पण स्टेअरिंग थडथडते, अशी तक्रार आली तर सर्वप्रथम हे तपासावे.

तो मधला बोल्ट एकदाच वापरायचा असतो. तो आधी ठरावीक टॉर्कवर आणि मग टप्प्याटप्प्याने अंशांत आवळायचा असल्यामुळे साधा टॉर्क रेंच पुरत नाही, पान्याचा जोर अनेकपट करणारा टॉर्क मल्टिप्लायर लागतो. एअर गनने ‘बसला’ असा आवाज येईपर्यंत आवळलेला बोल्ट काही महिन्यांनी सरकतो आणि मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. या इंजिनांत वेळ चुकली तर दोघांना एकमेकांपासून वाचवणारी मोकळी जागा नाही.

दुसरी जागा म्हणजे खालचा बेल्ट. इकोबूस्टमध्ये कॅमशाफ्ट चालवणारा बेल्ट वेगळा आणि क्रँकवरून ऑइल पंप चालवणारा लहान बेल्ट वेगळा, दोन्ही ऑइलमध्येच. फक्त वरचा बदलून खालचा तसाच ठेवणे म्हणजे घराचे दार बदलून कडी जुनीच ठेवणे. या खालच्या भागाचे महत्त्व किती, हे अमेरिकेतल्या एका घटनेवरून कळते: डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने तेथे एक लिटर इंजिनाच्या २०१८ ते २०२२ मधल्या इकोस्पोर्ट आणि २०१६ ते २०१८ मधल्या फोकस अशा सुमारे १,३९,००० गाड्या परत बोलावल्या. ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरचा हात तुटू शकतो, दाब जाऊन इंजिन बंद पडू शकते आणि ब्रेकचे साहाय्यही जाऊ शकते, हे त्याचे कारण होते. पुढे कॅमसाठी चेन देण्यात आली तरी पंपाचा बेल्ट ऑइलमध्येच राहिला, म्हणून ‘आमच्या गाडीत चेन आहे’ या भरवशावर नव्या आवृत्तीच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. दोन्ही बेल्ट, टेन्शनर, पुलीचे बोल्ट आणि पुढचा सील एकाच वेळी नवे घालावेत आणि ते नामांकित उत्पादकाचे, सीलबंद डब्यातले घ्यावेत. ऑइलमध्ये न चालणारा, केवळ मापाला जुळणारा बेल्ट किती दिवस टिकेल याचा अंदाज करण्याची गरज नाही.

तिसरी जागा सफाईची. चेंबर उतरवणे ऐच्छिक नाही. जाळी धुऊन परत बसवण्यापेक्षा मिळत असेल तर पंपाचे सक्शन नळकांडेच नवे घालावे, कारण घडीत अडकलेले रबर हवेच्या झोताने निघत नाही, उलट आत सरकते. चेंबरचा तळ, ऑइल कूलर, व्हॉल्व्हच्या वेळेच्या सोलेनॉइडच्या जाळ्या, टर्बोला ऑइल नेणारी नळी आणि व्हॅक्यूम पंपाची वाट यांतले रबर काढावे. यासाठी ऑइलमध्ये घालून इंजिन चालवायची जी ‘फ्लश’ नावाची बाटली मिळते, ती या इंजिनांत वापरू नये. तिच्यातले द्रावक ज्या रबराला वाचवायचे त्यालाच पुन्हा मऊ करते आणि साठलेला सगळा गाळ एका दमात जाळीकडे लोटते. सफाई भाग काढून, हाताने, पुसूनच झाली पाहिजे. वेळखाऊ आहे, आमच्या कार्यशाळेत एका गाडीला पूर्ण दोन दिवस लागतात आणि त्यातला निम्मा वेळ पुसण्यातच जातो.

सीलंटबद्दल एकच सांगणे. दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने कोरडे व स्वच्छ करावेत, पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीची एक अखंड रेघ द्यावी आणि ती सुकू लागण्याआधी कव्हर बसवून बोल्ट क्रमाने आवळावेत. गळू नये म्हणून दुप्पट सिलिकॉन देण्याची सवय या इंजिनात गळतीपेक्षा महाग पडते, हे वरच्या गाडीने दाखवले आहेच.

सारे बसवल्यावर क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवावा, खुंट्या व लॉक पुन्हा घालून पाहाव्यात. एखादी खुंटी अर्ध्या मिलिमीटरनेही अडत असेल तर ‘चालेल’ असे म्हणू नये. पहिल्यांदा सुरू करताना इंधन बंद ठेवून स्टार्टर थांबून थांबून फिरवावा आणि गेजवर दाब दिसल्यानंतरच इंजिन पेटवावे. रिकाम्या नळ्यांत ऑइल पोचण्याआधी टर्बो फिरला तर वाचवलेले सगळे पैसे टर्बोत जातात.

ऑइल आणि वापर

इकोबूस्टला ५डब्ल्यू-२० ग्रेडचे आणि फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या मानकाचे ऑइल लागते, साधारण चार लिटर. आपल्याकडे ५डब्ल्यू-३० सर्वत्र मिळते आणि ‘आपल्या हवेला थोडे दाट बरे’ हे वाक्यही सर्वत्र ऐकू येते. परंतु येथे प्रश्न केवळ दाटपणाचा नाही, ऑइलमधल्या रसायनांशी बेल्टच्या रबराचे जुळते की नाही याचा आहे, आणि ती हमी डब्यावरच्या मानकातून मिळते, ग्रेडच्या आकड्यातून नव्हे. डब्यावर मानकाचा क्रमांक छापलेला आहे का ते मालकाने स्वतः वाचावे आणि डबा आपल्यासमोर फोडायला लावावा. प्युअरटेकचे मानक वेगळे आहे. एकाचे ऑइल दुसऱ्यात चालवू नये.

ऑइल बदलण्याची मुदत मी किलोमीटरवर न ठेवता वापरावर ठेवतो. गाडी बहुतेक शहरात, थंड इंजिनावर आणि थोडथोडी चालत असेल तर दर सहा महिन्यांनी किंवा ५,००० किलोमीटरवर ऑइल बदलावे. पुस्तिकेतली मुदत याहून लांब असली तरी. प्युअरटेकच्या बाबतीत कंपनीनेही काळाबरोबर आपले आकडे आवळले: टर्बो आवृत्तीच्या बेल्टची मुदत १,००,००० किलोमीटर किंवा ६ वर्षे इतकी खाली आणली गेली, प्यूजो-सित्रोएनची आताची मूळ कंपनी स्टेलांटिस हिने युरोपात ठरावीक अटींवर १० वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत दुरुस्तीचे संरक्षण जाहीर केले आणि २०२३ पासून आलेल्या नव्या पिढीच्या १.२ इंजिनात बेल्टच्या जागी चेन बसवली. ज्यांनी बेल्ट ऑइलमध्ये बुडवला त्यांनीच तो बाहेर काढला, यावरून मुदतीकडे किती काटेकोरपणे पाहावे याचा बोध इकोबूस्टच्या मालकांनी घ्यायला हरकत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या शहरी वापरात बेल्ट आठव्या वर्षीच बदललेला बरा.

काम नीट होऊनही दाब पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत येत नसेल, तर बेअरिंगांकडे वळावे लागते. दिवा लुकलुकत असताना महिनोन्महिने चाललेल्या इंजिनात क्रँकची बेअरिंगे आधीच झिजलेली असू शकतात आणि ती नवा बेल्ट घालून भरून येत नाहीत. चेंबर खाली असतानाच एका कनेक्टिंग रॉडची टोपी उघडून बेअरिंगचा पृष्ठभाग पाहावा. ओरखडे किंवा तांबूस रंग दिसला तर मालकाला तेव्हाच, नवे भाग घालण्याआधी, पुढच्या खर्चाची कल्पना द्यावी.

आमच्या त्या गाडीत बेअरिंगे वाचलेली निघाली. सक्शन नळकांडे, खालचा बेल्ट व त्याचा टेन्शनर नवे घातले, चार महिन्यांपूर्वीचा वरचा बेल्ट चुकीच्या ऑइलमध्ये भिजलेला असल्यामुळे तोही काढला, आणि योग्य मानकाचे ऑइल भरून गाडी परत दिली. १,००० किलोमीटरनंतर मालकांना ऑइल व फिल्टर बदलण्यासाठी बोलावले होते. यावेळी फिल्टर कापताना ते स्वतः शेजारी उभे राहिले. कागदावर दोन काळे कण सापडले. गरम आयडलिंगला गेजचा काटा पुस्तिकेतल्या आकड्याच्या थोडा वर स्थिर होता. ती नोंद, तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहेत, आणि खाली पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची.